सोपस्टोनचा ओटा उखडण्यापूर्वी

पंधरा दिवसांपूर्वी सासूबाईंनी सांगलीहून न्यू जर्सीला फोन केला आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या धाकट्या नणंदेने महिनाभरापूर्वी बसवून घेतलेल्या सोपस्टोनच्या नव्या ओट्यावर जेवणाच्या टेबलाचे प्लास्टिकचे आच्छादन पसरले. याला कारण नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरत आलेला एक मराठी संदेश. त्याचा सारांश असा: सोपस्टोन म्हणजे टाल्क (मराठीत ज्याला आपण संगजिरे म्हणतो ते) आणि टाल्क म्हणजे अ‍ॅसबेस्टॉस, जागतिक आरोग्य संघटनेने त्याला कर्करोगकारक ठरवले आहे, त्यावर पोळी लाटली की विष पोटात जाते. शिवाय हा दगड गरम भांड्याने तडकतो, हळद-लिंबाने कायमचा डागाळतो, दर आठवड्याला गोडेतेल चोळले नाही तर भुसभुशीत होतो, नखानेही खरवडला जातो, आणि आपल्या पूर्वजांनी असला दगड स्वयंपाकघरात कधी येऊ दिला नाही. शेवटी ठळक अक्षरांत सल्ला: ओटा ताबडतोब काढून टाका आणि क्वार्ट्झ बसवा.

घरात नुकतेच रांगू लागलेले मूल आहे, त्यामुळे नणंदेची घाबरगुंडी मी समजू शकते. परंतु व्हर्जिनियातल्या माझ्या घरात याच दगडाचा ओटा नऊ वर्षे वापरात आहे आणि हेच उत्तर फोनवर चौथ्यांदा देण्याची माझी तयारी नाही, म्हणून ते एकदाच लिहून काढत आहे.

सर्वांत घातक मुद्दा कर्करोगाचा, आणि त्यात सत्याचा जो अंश आहे तो आधी मान्य करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या ल्योन येथील कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २०२४ मध्ये टाल्कला ‘२ अ’ गटात, म्हणजे ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरणाऱ्या पदार्थांत घातले, हे खरे आहे. संदेश लिहिणाऱ्याने मात्र तेवढेच वाचलेले दिसते. संस्थेपुढे प्रश्न होता तो टाल्कच्या भुकटीचा: खाणीत आणि दळण्याच्या कारखान्यात श्वासावाटे आत जाणारी धूळ, आणि अंगाला लावायची पावडर. स्वयंपाकघरातल्या घट्ट दगडी फरशीवर पोळी लाटण्याचा त्यात संबंध नाही. दुसरे असे की आयएआरसीचे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. याच ‘२ अ’ गटात तांबडे मांस आहे, ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेये आहेत आणि खूप तापलेल्या तेलात तळताना उठणारा धूरही आहे. म्हणजे संदेशाचा तर्क मान्य करायचा तर ओट्याच्या आधी पुऱ्यांची कढई घराबाहेर काढावी लागेल आणि सासूबाईंचा वाफाळता चहाही बंद करावा लागेल. ही सूचना त्यांना करण्याची हिंमत निदान माझ्यात तरी नाही.

अ‍ॅसबेस्टॉसचे काय? टाल्क म्हणजे अ‍ॅसबेस्टॉस नव्हे. ती वेगवेगळी खनिजे आहेत. काही खाणींत मात्र टाल्कच्या शेजारी ट्रेमोलाइटसारख्या खनिजाचे अ‍ॅसबेस्टॉस प्रकारचे तंतू आढळतात, आणि टाल्कच्या पावडरींवरून जे खटले गाजले त्यांचे मूळ तिथे आहे. म्हणून दगड कोणत्या खाणीचा आहे हे विचारावे आणि विक्रेत्याकडे तपासणीचा अहवाल असेल तर तो मागावा, एवढे मी मान्य करते. ओट्याचा सोपस्टोन म्हणजे निव्वळ टाल्क नसतोच. टाल्कमध्ये क्लोराइट आणि मॅग्नेसाइटसारखी खनिजे घट्ट गुंफली गेलेली असतात. मूर्तिकामासाठी टाल्क भरपूर असलेला मऊ दगड निवडतात, ओट्यासाठी टाल्क कमी असलेला कठीण. धोका धुळीत असतो आणि धूळ दगड कापताना, घासताना किंवा फोडताना उठते; गप्प बसलेल्या ओट्यावरून ती उठत नाही.

नेमक्या याच कारणाने संदेशातला उपाय मला सर्वांत संतापजनक वाटतो. बसवलेला ओटा फोडून काढा, म्हणजे रांगत्या मुलाच्या घरात आज नसलेली धूळ मुद्दाम निर्माण करा, आणि त्या जागी क्वार्ट्झ आणा. बाजारात क्वार्ट्झ म्हणून विकली जाणारी फरशी म्हणजे दळलेली गारगोटी आणि तिला बांधून ठेवणारे रेझिन. अशा अनेक फरश्यांत ९० टक्क्यांहून अधिक स्फटिकी सिलिका असते. ती कोरडी कापणाऱ्या कारागिरांना ऐन तिशी-चाळिशीत सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार होऊन फुप्फुसे निकामी झाल्याचे दिसल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाच्या निर्मितीवर, पुरवठ्यावर आणि तो बसवण्यावरही बंदी घातली. सोपस्टोनमध्ये सिलिकेट खनिजे असली तरी ती स्फटिकी सिलिका म्हणजे मोकळी गारगोटी नव्हे. तिचे प्रमाण या दगडात सहसा अगदी थोडे असते. घरात बसलेला क्वार्ट्झचा ओटाही घरच्यांना काही करत नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु कर्करोगाच्या भीतीने एक दगड काढून कापणाऱ्याच्या छातीवर बसणारा दुसरा आणायचा, याला आरोग्याची काळजी म्हणता येत नाही.

गरम भांड्याने तडकण्याचा मुद्दा तर हास्यास्पद आहे. फिनलंडमध्ये घर उबदार ठेवणाऱ्या शेगड्या याच दगडाच्या बांधतात, कारण तो उष्णता धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. मी कुकर आणि तवा सरळ ओट्यावर उतरवते. तडा गेलाच तर तो बहुधा सिंकच्या मागच्या-पुढच्या अरुंद पट्ट्यांत जातो आणि दोष बसवणाऱ्याचा असतो. तीन सेंटिमीटर जाडीच्या फरशीचे वजन दर चौरस मीटरला ९० किलोच्या आसपास भरते, तेव्हा खालची कपाटे पाणसळीने तपासून समपातळीत आणणे आणि सिंकच्या कडेला आधार देणे हे माप घेण्याआधीचे काम आहे. सोपस्टोनच्या फरश्या ग्रॅनाइटच्या मानाने लहान येतात, त्यामुळे लांब ओट्यात एखादा सांधा पडणारच. तो कुठे यावा हे दगड कापण्यापूर्वी कागदावर ठरवून घ्यावे.

हळद आणि लिंबू यांविषयी फार लिहीत नाही. हा दगड जवळजवळ काही शोषत नाही आणि लिंबाने त्यावर संगमरवरासारखा पांढरा चट्टा उमटत नाही. अमेरिकेतल्या शाळा-महाविद्यालयांच्या रसायनशाळांतली टेबले पिढ्यान्‌पिढ्या याच दगडाची होती, तो आम्लाला दाद देत नाही म्हणूनच. शंका असेल तर विक्रेत्याकडून हातभर तुकडा आणावा, त्यावर हळद कालवलेले तेल आणि लिंबाची फोड रात्रभर ठेवावी आणि सकाळी साबणाने धुऊन पाहावे.

तेलाच्या मुद्द्यात मात्र अर्धे खरे आणि अर्धे नुकसानकारक आहे. तेल दगडाच्या आरोग्यासाठी लागत नाही, रंगासाठी लागते: नवा दगड फिकट राखाडी दिसतो, तेलाने तो कोळशासारखा काळा होतो आणि तुपाचे, फोडणीचे शिंतोडे वेगळे उठून दिसत नाहीत. त्यासाठी खाद्यवापरास योग्य असे मिनरल ऑइल घेतात. ते फडक्याने चोळायचे, अर्धा तास ठेवायचे आणि उरलेले पुसून घ्यायचे. सुरुवातीला रंग लवकर उतरतो, म्हणून महिन्यातून एकदोनदा, मग क्वचित. आणि राखाडीच आवडत असेल तर मुळीच नाही. गोडेतेल कदापि नको, ते चिकट होते आणि खवट वास मारते.

राहिला मऊपणा, आणि इथे मला नाइलाजाने हार मानावी लागते. चांगल्या कठीण फरशीवर नखाचा ओरखडा उठत नाही, परंतु सुरीचा उठतो, स्टीलच्या पातेल्याच्या बुडाच्या करड्या रेघा उठतात, आणि खलबत्ता जिथे ठेवते तिथली माझ्या ओट्याची कड उडालेली आहे. ज्यांना नऊ वर्षांनीही शोरूममधल्यासारखा चकचकीत ओटा हवा असेल त्यांनी ग्रॅनाइटच घ्यावा, मी त्यांना अडवणार नाही. परंतु ओरखडा १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून, हातानेच घासून काढता येतो. ग्रॅनाइटच्या बाबतीत त्यासाठी यंत्र घेऊन माणूस बोलवावा लागतो. घासताना पाणी हवेच, कारण वर म्हटल्याप्रमाणे शत्रू आहे तो धूळ.

आता पूर्वज. तमिळनाडूत सांबार आणि ताक ठेवण्यासाठी, अगदी चुलीवर शिजवण्यासाठीही वापरली जाणारी कल्चट्टी (दगडी भांडी) याच जातीच्या दगडातून कोरतात आणि नवे भांडे दिवसेंदिवस तांदळाच्या धुवणाने, पेजेने मुरवून घेतात. बेलूर आणि हळेबीडूच्या होयसळ देवळांवरचे बाराव्या शतकातले कोरीवकाम इतके नाजूक उतरले ते त्याच कुळातल्या क्लोराइटयुक्त मऊ दगडामुळे. सासूबाईंच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात बेलूरहून आणलेली मदनिकेची वीतभर मूर्ती आहे, तीही सोपस्टोनचीच, आणि गेली कित्येक वर्षे त्या ती स्वतःच्या हाताने पुसत आल्या आहेत.

हे सारे सांगितल्यावर नणंदेने परवा प्लास्टिक उचलले. खाली कोंडलेल्या ओलाव्याने सिंकजवळ बशीएवढे फिकट वर्तुळ उमटले होते आणि ‘बघ, डाग पडलाच,’ म्हणून तिने मला त्याचा फोटो पाठवला. तो डाग नाही, तेथले तेल गेले आहे. साबणाच्या पाण्याने पुसून, जागा पूर्ण वाळू देऊन, त्यावर चमचाभर मिनरल ऑइल चोळायला तिला सांगितले आहे.