क्लॉक मंद केल्याने एलईडी ड्रायव्हरची साखळी सुधारते का?

मॅक्स 7219 या एलईडी ड्रायव्हर (दिवे चालवणाऱ्या) चिपच्या साखळीबद्दल, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या मॉड्यूलबद्दल, एक सल्ला सर्रास दिला जातो: पुढच्या मॉड्यूलवर भलतेच ठिपके उमटू लागले तर क्लॉकचा (बिटांना ताल देणाऱ्या स्पंदांचा) वेग कमी करावा, तरीही दोष राहिला तर शेवटचे मॉड्यूल बदलावे, आणि 3.3 व्होल्टच्या कंट्रोलरची (आज्ञा पाठवणाऱ्या चिपची) काळजी करू नये, कारण पहिले मॉड्यूल तर नीट चालते. यातील प्रत्येक विधानात थोडे तथ्य आहे, म्हणूनच ती टिकून आहेत. परंतु त्यांच्यावर विसंबणाऱ्याचे दिवसच्या दिवस वाया जातात.

प्रथम वेगाविषयी. ही चिप 10 मेगाहर्ट्झपर्यंतचा क्लॉक स्वीकारते, त्यामुळे 1 मेगाहर्ट्झवर चुकणाऱ्या साखळीत निव्वळ वेग हे कारण असण्याची शक्यता मुळातच कमी असते. चिप क्लॉकची चढती कडा पाहते, आणि ती कडा किती तीव्र आहे हे कंट्रोलरच्या पिनवर ठरते, वारंवारतेवर नाही. लांब तारेच्या टोकावरून परावर्तन होऊन कडा हेलकावली, तर चिप एका कडेऐवजी दोन मोजते, सोळा बिटांची रांग एका घराने सरकते आणि प्रकाशमानाची आज्ञा भलत्याच रजिस्टरमध्ये (चिपमधील नोंदीच्या जागेत) जाऊन बसते. हा हेलकावा 10 किलोहर्ट्झवरही तेवढाच राहतो. शिवाय डेटा प्रत्येक चिपच्या डीआउटमधून (डेटा पुढे सोडणाऱ्या पिनमधून) नव्याने बाहेर पडतो, तर क्लॉक आणि लोड (आलेले बिट पक्के करण्याचा इशारा देणारी) या तारा सर्व चिपना समांतर जोडलेल्या असतात, म्हणून साखळी वाढते तसा भार त्यांच्यावरच साचत जातो. कंट्रोलरच्या पिनजवळ 33 ते 100 ओहमचा रेझिस्टर क्लॉकच्या तारेत घालणे, त्या तारेला लागून ग्राउंडची तार नेणे आणि लांब साखळीत मध्ये बफर (संकेत नव्याने जोमदार करणारी चिप) बसवणे, हे खरे उपाय आहेत.

वेग कमी करून फायदा होतो तो डेटा उशिरा पोहोचत असेल तेव्हा. मॅक्स 7219 चा डीआउट उतरत्या कडेला बदलतो, त्यामुळे पुढच्या चिपला अर्धे आवर्तन मिळते आणि वेग कमी केला की ते लांबते. 74एचसी595 या अशाच साखळीत जोडल्या जाणाऱ्या, बिट पुढे सरकवणाऱ्या चिपमध्ये मात्र पुढे जाणारा बिट चढत्या कडेलाच बदलतो. तिथे पुढच्या चिपचा क्लॉक उशिरा पोहोचला तर बिट निसटतो, आणि कितीही मंद चालवले तरी तो निसटतच राहतो.

3.3 व्होल्टचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो. डेटाशीटप्रमाणे (निर्मात्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे) मॅक्स 7219 ला ‘एक’ म्हणून ओळखण्यासाठी किमान 3.5 व्होल्ट लागतात. त्याखाली चालणारे मॉड्यूल हमीशिवाय चालते. सर्व सेगमेंट पूर्ण प्रकाशात असताना एक चिप सुमारे 330 मिलिअँपिअर घेते, म्हणजे आठ चिपना 2.6 अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. ग्राउंडच्या सामायिक तारेचा रोध 0.1 ओहम धरला तरी दूरच्या टोकाचा ग्राउंड पाव व्होल्टने वर उचलला जातो आणि तेथील चिपला 3.3 ऐवजी जेमतेम 3 व्होल्ट दिसतात. पहिले मॉड्यूल नीट चालणे हा म्हणून पुरावा ठरत नाही. प्रकाशमान किमान करून पाहावे: चुका थांबल्या तर संशय वीजपुरवठा आणि ग्राउंडवर जातो. 74एएचसीटी125 सारखा लेव्हल शिफ्टर (संकेताचे व्होल्टेज वाढवणारी चिप) आणि प्रत्येक चिपला लागून 0.1 व 10 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर यांना पर्याय नाही. चिपचे दोन्ही ग्राउंड पिनही जोडलेले असलेच पाहिजेत.

शेवटचे मॉड्यूल बदलण्यापूर्वी ते साखळीच्या आरंभी लावून पाहावे. दोष शेवटच्या जागीच राहिला तर मॉड्यूल निर्दोष आहे. त्याहून नेमकी चाचणी म्हणजे शेवटच्या चिपचा डीआउट, व्होल्टेज विभाजकातून उतरवून, कंट्रोलरकडे परत आणणे. मॅक्स 7219 मध्ये लोड कोणत्याही स्थितीत असला तरी बिट पुढे सरकतात, त्यामुळे लोड न हलवता ठरावीक बिटमालिका हजारो वेळा पाठवून परत आलेल्या बिटांशी ताडता येते आणि पडद्यावर काहीही बदलत नाही. मालिका एका घराने सरकून आली तर क्लॉकवर जादा किंवा हरवलेली कडा आहे. रांग जागेवर राहून सुटे बिट उलटत असतील तर डेटाची तार तपासावी.