नीलगिरीच्या थेंबांबद्दल, चिपळूणच्या दादांना

नमस्कार दादा,

‘पावसाळ्यात घरात ठेवायची तेलं’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही औषधांच्या दुकानात बसता. तुमचं म्हणणं असं, की सुगंधी तेलांचे हे इलाज म्हणजे निव्वळ थोतांड, आजीच्या नावावर ते खपवले जातात आणि भोगायला लागतं पोरांना. सर्दीवर साखरेतून नीलगिरी दिल्यावर शेजारच्या मुलाला फीट आली, हेही तुम्ही लिहिलंत. वाचून पोटात गोळा आला.

त्या मुलाबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे. नीलगिरीचं तेल मुलांना पोटात द्यायचंच नाही, साखरेतून नाही, मधातून नाही. चमचाभर तेलाने लहान मूल बेशुद्ध होऊ शकतं, झटके येऊ शकतात, तेही थोड्या वेळात. कापराचं तेच. आणि कापूर तर देव्हाऱ्यात, रांगतं पोर हात घालील असा ठेवलेला असतो.

पण मग थोतांड कसं म्हणायचं? ज्याने फीट येते, ते अंगात जाऊन काहीतरी करतंच की! ही तेलं औषधं आहेत, म्हणून त्यांना मात्रा आहे, वय आहे, आणि ‘इथे चालणार नाही’ अशी हद्दही आहे. माझं भांडण आहे ते ‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ म्हणणाऱ्यांशी.

आजीचंही सांगते. आमच्याकडे सर्दीला निरगुडीचा पाला उकळून वाफ घेत, गवती चहाच्या दोन पाती चहात पडत. भट्टीवर काढलेलं तेल तिच्याकडे नव्हतंच. शंभर किलो गवती चहा भट्टीत घातला तर तेल हाती लागतं जेमतेम तीनशे ते पाचशे ग्रॅम. म्हणजे बाटलीतल्या एका थेंबात दहाएक ग्रॅम ओली पात आटलेली असते. संत्र्याची साल फुग्याजवळ पिळून बघा, उडालेल्या शिंतोड्याने फुगा फाटकन फुटतो. तेच सालीतलं तेल कुणी थेंब मोजून पाण्यातून प्यायला सांगतं तेव्हा माझा संताप होतो. आजीचा अनुभव पाल्याचा होता, त्याच्या जोरावर बाटली विकू नये.

लवंगेच्या तेलावर मात्र मी ठाम आहे. रात्री दाढ ठणकायला लागली, बाहेर धो धो पाऊस, डॉक्टर सकाळी भेटणार. अशा वेळी अर्धा चमचा खोबरेलात लवंग तेलाचा एक थेंब, त्यात कापसाचा बोळा बुडवून पिळायचा आणि दाढेवर टेकवायचा. हिरडीला लागू द्यायचा नाही, लाळ गिळायची नाही. खोबरेलात न मिसळता नुसतं तेल लावलं तर हिरडी पांढरी पडून सोलते. यातलं युजेनॉल तो भाग बधिर करतं, दाताचे डॉक्टर तात्पुरतं सिमेंट भरतात त्यातही झिंक ऑक्साइडबरोबर हेच असतं. ठणका थांबतो, कीड तशीच राहते. म्हणून सकाळी डॉक्टरकडे जायचंच. लहान मुलांना हाही उपाय नको.

नीलगिरीची वाफ मोठ्यांनी खुशाल घ्यावी, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. मुलाला उकळत्या पातेल्यावर वाकवू नका, पाणी सांडून भाजतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या नाकाशी किंवा छातीवर नीलगिरी, पुदिना, कापूर काहीही नको, गळ्यातली ओवा-कापराची पोटलीसुद्धा काढा. सिट्रोनेला या सुगंधी गवताच्या तेलाने डास थोडा वेळ लांब राहतात, पण डेंग्यूच्या दिवसांत मच्छरदाणीला पर्याय नाही.

आणि हद्दीचं बोलायचं तर, लावणीच्या दिवसांत चिखलात राबलेल्या माणसाला ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, तर तेल चोळत घरी बसायचं नाही. तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा आजार) असू शकतो आणि त्याचं औषध वेळेवर मिळावं लागतं. विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून लाल विंचवाच्या दंशाने जाणारे कितीतरी जीव वाचवले, ते आपल्याच कोकणात. तिथे आजही कुणी दंशावर लवंग तेल लावून वाट बघत बसत असेल, तर त्याला ओरडायला मी तुमच्याबरोबर आहे.

दादा, लोक माझा लेख वाचतील न वाचतील, नीलगिरीची बाटली घ्यायला तुमच्याच काउंटरवर येणार. देताना एवढं जरूर सांगा: खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवू नका, उंचावर ठेवा. पोराने प्यायलंच तर उलटी करवू नका, तेल फुप्फुसात जातं. थेट ग्रामीण रुग्णालय गाठा किंवा १०८ ला फोन करा. आणि बाटली बरोबर न्या, पोटात काय आणि किती गेलंय ते डॉक्टरांना तिच्यावरूनच कळतं.