सी भाषेतला रिकामा कंस: एक खुलासा

'सी भाषेत फंक्शनच्या नावापुढे रिकामा कंस लिहिला की त्याला एकही आर्ग्युमेंट (म्हणजे फंक्शनला पाठवायचं मूल्य) देता येत नाही,' असं विद्यार्थ्यांच्या नोट्समधून सर्रास फिरतंय. सी++ साठी हे खरं आहे, पण सी साठी फक्त सी२३ या मानकापासून. १९८९च्या मानकापासून सी१७ पर्यंत डिक्लरेशनमधल्या (म्हणजे फंक्शनची कंपायलरला आधी ओळख करून देणाऱ्या ओळीतल्या) रिकाम्या कंसाचा अर्थ वेगळाच होता: आर्ग्युमेंट्स किती आणि कोणत्या प्रकारची, हे सांगितलेलंच नाही. त्यामुळे कोणी चुकून तीन आकडे पाठवले तरी कंपायलर अडवेलच असं नाही, आणि प्रोग्राम चालताना काहीही होऊ शकतं. अशी चूक शोधताना नवशिक्यांचा जीव मेटाकुटीला येतो. म्हणून जुन्या मानकावर काम करत असाल, तर कंसात 'व्हॉइड' (void, म्हणजे 'काहीही नाही') लिहाच. सी२३ मध्येही ते चालतं.