चौल पोर्तुगीजांनी वसवलं नाही हो!

गेल्या महिन्यात पाहुण्यांना घेऊन अलिबागजवळच्या रेवदंड्याला, म्हणजे चौलला लागून असलेल्या किल्ल्यावर, गेलो होतो. तटाखाली एक गृहस्थ आपल्या मुलाला मनापासून समजावत होते, "चौल म्हणजे पोर्तुगीजांनी वसवलेलं गाव, बरं का." मी मध्ये तोंड घातलं नाही, कारण बायकोने घरून निघतानाच दम दिला होता. पण डोक्यातून जाईना, म्हणून हे लांबलचक पुराण.

पोर्तुगीजांना इथे किल्ला बांधायची परवानगी मिळाली १५२१ मध्ये, तीही अहमदनगरच्या निजामशहाकडून. तोवर चौलच्या बंदराने निदान दीड हजार वर्षं पाहिली होती. सातवाहन, शिलाहार, बहमनी, सगळे येऊन गेले होते.

खरी गंमत नावात आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने बंदरांची जंत्री केली, तीत सोपारा, कल्याण आणि मग 'सेमुल्ला' येतं. दुसऱ्या शतकातला भूगोलकार टॉलेमी 'सिमुल्ला' लिहितो, पण वर हेही नोंदवतो की तिकडून आलेले लोक सांगतात, गावकरी त्याला 'तिमुला' म्हणतात. हा माणूस इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात बसलाय आणि कोकणातल्या गावाचा उच्चार नीट करून घेतोय! आणि गावकरी खरंच काय म्हणत होते, ते त्यांनीच दगडात कोरून ठेवलंय. कान्हेरीच्या लेण्यांत पाण्याच्या एका पोढीवर (म्हणजे खडकात खोदलेल्या टाक्यावर) लेख आहे. दान देणारा सुलसदत्त, रोहिणीमित्राचा मुलगा, गाव चेमुल. बापलेक दोघेही 'हेरणिक', म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणारे. बंदरात कमावलेला पैसा डोंगरातल्या भिक्खूंच्या पाण्यावर खर्च केला. अरबांनी पुढे त्याच चेमुलचं 'सैमूर' केलं.

अल् मसूदी नावाचा बगदादचा प्रवासी ९१६ च्या सुमारास या सैमूरात होता. त्या वेळी इथे शिलाहार झंझाचं राज्य आणि त्याच्या वर राष्ट्रकूट. मसूदी सांगतो की गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले, शिवाय इथेच जन्मलेले, ज्यांना 'बयासिरा' म्हणत. त्यांचे आपसातले तंटे सोडवायला राजा त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमायचा, त्याला 'हुनरमन' म्हणत. हे वाचून काही जण लगेच सर्वधर्मसमभावाचे हार घालायला धावतात. मला वाटतं, राजाला पुण्य नको होतं, जकात हवी होती. परक्या व्यापाऱ्याला आपला न्याय आपल्या माणसाकडून मिळाला की तो पुढच्या वाऱ्याला परत येतो. हिशोब सरळ आहे, आणि मला तो हारांपेक्षा जास्त आवडतो.

मग माझा लाडका माणूस, अफनासी निकितीन. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. १४६९ च्या सुमारास इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझहून गलबतात घोडा घालून सहा आठवड्यांनी चौलला उतरला. घोडाच का? कारण दख्खनच्या फौजांना घोडे लागायचे आणि इकडे चांगली पैदास होत नसे. एका घोड्यावर नशीब काढायला निघालेला हा गडी! इथे घोड्यांना हरभरे आणि साखर घालून शिजवलेली खिचडी देतात, असं तो लिहितो. (आमच्याकडे माणसांना मिळत नाही.) चौलहून आठ दिवस चालून पालीला, तिथून घाट चढून जुन्नरला. तिथे चार महिने पाऊस आणि चिखल, आणि त्यात जुन्नरच्या खानाने घोडाच काढून घेतला. धर्म बदल, तर घोडाही मिळेल आणि वर हजार मोहरा, नाहीतर दोन्ही गेले. शेवटी एका खुरासानी सरदाराने रदबदली केली म्हणून घोडा सुटला. तेव्हा जुना काळ म्हणजे नुसतं दूधसाखर होतं, असंही कुणी समजू नये.

तरी एक फरक मोठा आहे. पोर्तुगीज येण्याआधी या समुद्रावर जाण्यासाठी कुणाचा परवाना लागत नसे. जकात बंदरात, पाण्यात नाही. त्यांनी 'कार्ताझ' आणला: आमची चिठ्ठी जवळ नसेल तर गलबत जप्त. ज्यांनी दर्यावर जकातनाकं बसवलं, त्यांनाच आपण गाव वसवल्याचं श्रेय देतो, याचा मला राग आहे.

दोष त्या गृहस्थांचा नाही. तट दिसतो, तोफ दिसते, तिच्यासमोर फोटो निघतो. व्यापाऱ्यांनी काय मागे ठेवलं? नारळी-पोफळीच्या वाड्यांखाली गाडलेल्या विटा, खापरं आणि दूरच्या लोकांच्या वह्यांत वेडंवाकडं लिहिलेलं एक नाव. निकितीनचं स्मारक मात्र रेवदंड्यात आहे, चुकवू नका.

पुढच्या खेपेला पाहुण्यांना आधी कान्हेरीला नेऊन सुलसदत्ताची पोढी दाखवायची, मग चौलला, असं मी ठरवलंय. बायको म्हणते, बोरिवली आणि अलिबाग एका दिवसात होत नाही.