शर्यतीआधी पेनकिलर? ‘धावपटूंच्या पाच गुपितां’ना उत्तर

‘धावपटूंची पाच गुपितं’ नावाचा मेसेज तीन ग्रुपांवर आला, तिन्ही वेळा मी डिलीट केला. परवा तोच धाकट्या भावाने पाठवला आणि खाली विचारलं, “दादा, आयबुप्रोफेन किती आधी घेऊ?” पोरगा सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करतोय. आता गप्प बसवत नाही.

मेसेज सांगतो: तासभर आधी पेनकिलर घ्या, तहान नसली तरी पाणी पीत राहा, बीसीएए पावडर (स्नायूंसाठी म्हणून विकली जाणारी अमिनो आम्लं) हवीच, कॉफी प्या, आणि धावण्याचं व्यसन चांगलंच, तेव्हा दुखलं तरी एक दिवस चुकवू नका.

पेनकिलरचा सल्ला वाचून माझं डोकंच फिरलं. धावताना रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळतं, घामाने पाणी जातं, मूत्रपिंडांच्या वाट्याला रक्त कमी येतं. तेव्हा तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक ही द्रव्यंच तयार होऊ देत नाहीत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८९ अल्ट्रामॅरेथॉन धावपटूंपैकी काहींना सुमारे ८० किलोमीटरच्या टप्प्यात दर चार तासांनी ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिलं, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. रक्त तपासलं तेव्हा औषध नसलेल्या गटात ३४ टक्के लोकांत मूत्रपिंडाला इजा झाल्याची लक्षणं होती, आयबुप्रोफेनच्या गटात ५२ टक्के. आपली शर्यत २१ किलोमीटरचीच, मान्य. पण पहाटे उपाशीपोटी गोळी घेऊन यवतेश्वरचा घाट चढायला सांगणाऱ्याने हे आकडे एकदा तरी बघायचे होते. शिवाय दुखणं ही पायाने दिलेली सूचना असते. ती दाबून धावलं की साधी इजा मोठी होते.

पाण्याचं म्हणाल तर २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं, आणि धावताना वजन वाढलेल्यांना, म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्यायलेल्यांना, हा धोका सर्वांत जास्त होता. तहान लागेल तसं प्या. बीसीएए डाळ-भात, दही, अंडी यांतून मिळतातच.

कॉफीचं मात्र खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. पण ती सरावात घेऊन बघा, शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा नको.

‘चांगल्या व्यसना’बद्दल विल्यम मॉर्गन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७९ सालीच इशारा दिला होता: दुखापत असूनही थांबता येत नाही, घर आणि काम मागे पडतं, तेव्हा ते व्यसन घातकच. आमच्या ग्रुपातला एक जण नडगी दुखत असताना रोज धावत राहिला. स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, म्हणजे हाडाला बारीक तडा. सुट्टी घेतली की अपराधी वाटायचं, असं तो नंतर म्हणाला.

भावाला मी एवढंच कळवलंय: गोळ्यांची पट्टी आईकडे दे. चढावर पाय दुखले तर चाल, वेळ जाऊ दे. मी शेवटी उभा असेन.