पिवळ्यावर थांबलेल्या त्या मुलीबद्दल

आज संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास नागपूरच्या शंकरनगर चौकात एक मुलगी पिवळ्या दिव्यावर थांबली. घडलं ते एवढंच. स्कूटीला समोर आणि मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ चिकटवलेला. मागे वडील. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट, पट्टे लावलेले. दिवा पिवळा झाला तशी तिनं रेस सोडली, दोन्ही ब्रेक दाबले, समोरचं चाक पांढऱ्या रेषेच्या वीतभर अलीकडे आणलं आणि डावा पाय टेकवला. परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क द्यावेत असं थांबली.

आणि मागच्या कारवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. काच खाली करून ओरडला, “ए पोरी, काहून थांबून राहिली? पिवळाच होता ना, काढायची ना गाडी!”

रागानं डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. तुम्ही सगळे माझ्यासारखेच आहात, नियम पाळणारे, पोरांना हेल्मेट घालायला लावणारे, त्यामुळे पिवळ्याचा अर्थ समजावत बसत नाही. पण बाहेर नव्वद टक्के लोकांना पिवळा म्हणजे ‘पळा’ वाटतो, म्हणून एकदाच लिहितो. पिवळा म्हणजे थांबा. रेषेच्या अलीकडे थांबा. सूट एकच: तुम्ही रेषेच्या इतके जवळ आला आहात की आता सुरक्षित थांबणं शक्यच नाही, तर चौक पार करा. बाकी सूट नाही.

आता ‘इतके जवळ’ म्हणजे किती, हे नव्या चालकाला कुणी सांगतच नाही. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11 मीटर. दिवा दिसला, डोक्यात शिरला, हात ब्रेकवर गेला, यात सव्वा-दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी 15-16 मीटर पुढे. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, धड टायर असतील तर आणखी साधारण 9 मीटर. एकूण 25 मीटर धरा, सहा कार एकामागे एक उभ्या केल्या तर होतात तेवढे. 60 च्या वेगाला हाच हिशेब 45 मीटरवर जातो. वेग दीडपट झाला की ब्रेकचं अंतर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतं. दुप्पट वेगाला चौपट. रस्ता ओला असेल तर 60 ला 60 मीटर लागले तरी नवल नाही. मोबाइलकडे दोन सेकंद पाहिलं तर 40 च्या वेगानं 22 मीटर डोळे मिटून गाडी चालवली, असंच समजायचं.

म्हणून चौक जवळ आला की हिरवा असला तरी रेस सोडायची, बोटं ब्रेकच्या दांडीवर आणून ठेवायची. तो दीड सेकंद बराच कमी होतो. त्या मुलीनं हेच केलं होतं, म्हणून ती झटका न देता थांबली.

हो, मागून ठोकण्याची भीती खोटी नाही, हे मान्य. पण त्याचा इलाज सिग्नल तोडणं नाही. चौकाच्या आधी आरसा पाहा, मागचा चिकटून असेल तर लवकर वेग कमी करा, ब्रेक एकदोनदा हलका दाबून मागचा लाल दिवा चमकवा. त्याला थांबायला वेळ द्या. आणि खरं सांगायचं तर अंतर ठेवायची जबाबदारी मागच्याची. वर्धा रोडनं जाताना मेट्रोचे खांब दिसतात ना, त्यांचा उपयोग करा. समोरची गाडी एका खांबाशी आली की म्हणा ‘एक हजार एक, एक हजार दोन’. हे म्हणून होण्याआधी तुम्ही त्या खांबाशी पोचलात तर तुम्ही फार जवळ आहात. पावसात चार आकडे मोजा. त्या कारवाल्याचा बंपर स्कूटीच्या नंबरप्लेटपासून हातभर अंतरावर होता. दोन सेकंद सोडा, अर्धाही नव्हता.

माझी खरी चीड वेगळी आहे. आपण नव्या माणसाला गाडी चालवायला शिकवतो, थांबवायला शिकवतच नाही. ड्रायव्हिंग क्लासच्या कारमध्ये शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक आणि क्लच असतो. समोर गाय आली, ऑटो आला, की ब्रेक तोच दाबतो. वीस दिवसांनी पोरगा घरच्या कारमध्ये बसतो तेव्हा जोरात ब्रेक म्हणजे काय हे त्याच्या पायाला ठाऊकच नसतं. घाबरला की दोन्ही पाय खाली, क्लच आधी. क्लच आधी दाबला की इंजिनाचा आवर जातो आणि गाडी उलट मोकळी धावते. आधी ब्रेक, आणि गाडी बंद पडायला आली, पंधरावीसच्या खाली गेली, की मग क्लच. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर पॅडल जोरात दाबून तसंच धरायचं. ते पायाखाली थरथरतं, कडकड करतं. ते बिघडलेलं नाही, काम करतंय, पाय उचलू नका. एबीएस असताना ब्रेक दाबलेला ठेवूनही स्टिअरिंगनं गाडी वळवता येते, तेवढ्यासाठीच ते आहे. आणि ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली कधीही नको. ती घरंगळत ब्रेकच्या पॅडलखाली गेली तर तुमची सगळी विद्या संपली.

दुचाकीला तर क्लासही नसतो. काका, दादा, शेजारचा पोट्ट्या मैदानात घेऊन जातो, मागून धरतो, सोडतो, झालं. मग आरटीओत आठचा आकडा. पाय टेकला की नापास, त्यामुळे पाय टेकणं म्हणजे हरणं हे डोक्यात पक्कं बसतं. समोरचा ब्रेक दाबायचा नाही, पलटी होशील, हा तर घराघरातला उपदेश. चूक आहे हो! थांबवण्याचं निम्म्याहून जास्त काम समोरचंच चाक करतं, कारण ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे येतं. गाडी पडते ती बहुतेक वेळा हँडल वळलेलं असताना किंवा वाळू-गिट्टीवर एकदम दाबल्यानं. गाडी सरळ, हँडल सरळ, दोन्ही ब्रेक एकत्र, आणि लिंबू पिळतो तसं: आधी हलका, मग घट्ट. 125 सीसीपर्यंतच्या आताच्या बहुतेक स्कूटरना सीबीएस असतं, डावी दांडी दाबली की मागच्याबरोबर समोरचाही थोडा लागतो. तरी उजवी दांडी दाबायची सवय हवीच.

लर्निंग मिळाल्यावर पक्क्या लायसन्सच्या टेस्टला 30 दिवस थांबावं लागतं, आणि लर्निंग चालतं सहा महिने. लोक ते 30 दिवस कॅलेंडरवर खोडत बसतात. अरे, ते सरावासाठी आहेत. पहिला आठवडा फक्त थांबायला द्या. सकाळी सहाला वस्तीतल्या मोकळ्या मैदानावर किंवा रिकाम्या ले-आउटच्या रस्त्यावर जा, खडूनं रेष मारा. 20 च्या वेगानं या आणि समोरचं चाक रेषेच्या वीतभर अलीकडे थांबवा. दहादा. मग 30. मग 40. मग मागे माणूस बसवून तेच, म्हणजे अंतर किती वाढतं ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मागे बसणारा तोच, ज्याच्याकडे पक्कं लायसन्स आहे आणि जो शिकवतोय. लर्निंगवर मैत्रिणीला डबल सीट नेता येत नाही, हे किती जणांना माहीत आहे?

पुन्हा त्या चौकात येतो, कारण पुढचं सांगायचं राहिलं. हॉर्न थांबेना तेव्हा मागे बसलेले वडील म्हणाले, “काढ ना, थोडं समोर घे.” मुलगी गोंधळली. तिनं गाडी पुढे सरकवली. रेषेवरून थेट झेब्रा क्रॉसिंगवर. आणि मोकळी झालेली जागा कारवाल्यानं लगेच भरली. झेब्र्यावरून एक आजी हातात भाजीची पिशवी घेऊन येत होत्या, त्यांना स्कूटीला वळसा घालून भर रस्त्यात उतरावं लागलं.

कारवाल्यापेक्षा त्या वडिलांवर मला जास्त राग आला होता. पोरगी बरोबर, आणि बाप चूक शिकवतो! पण लिहिता लिहिता राग उतरतोय. त्यांना तरी कुणी शिकवलं? ते रस्त्यावर उतरले तेव्हा लायसन्स म्हणजे एजंटाला पैसे आणि एक सही. पण ते मुलीसोबत आले. हेल्मेट घालून आले. सोळा वर्षांच्या पोराच्या हाती 110 सीसीची किल्ली देऊन मोकळे होणारे बाप आपण रोज पाहतोच. (त्यांच्यासाठी: अल्पवयीन मुलानं गाडीनं गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि पोराला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. 2019 च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात आहे.) त्या वडिलांना एवढंच सांगावंसं वाटतं: भाऊ, मागे बसून ‘थांब’ म्हणा, ‘काढ’ म्हणू नका. तुमचा आवाज तिच्या कानात पुढची पंचवीस वर्षं राहणार आहे.

थांबण्याच्या आणखी जागा आहेत, तिथे दिवाही नसतो. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात. लोकांनी उन्हात तापत उभं राहू नये म्हणून, हेतू चांगलाच आहे. पण मग त्या चौकात नियम कोणता? बिनसिग्नलच्या चौकात तुमच्या उजव्या हातानं येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तुम्ही गल्लीतून मोठ्या रस्त्यावर येत असाल तर मोठ्या रस्त्यावरच्याला आधी. सर्कल असेल तर जो आधीच सर्कलमध्ये फिरतोय त्याला आधी. पिवळा लुकलुकत असेल तर वेग कमी करून बघत जा, लाल लुकलुकत असेल तर पूर्ण थांबा, मग जा. आणि ‘फ्री लेफ्ट’ची पाटी नसेल तर लाल दिव्यावर डावीकडे वळणाऱ्यानंही थांबायचं. डावी बाजू जन्मतःच मोकळी असते, हा आपल्या शहराचा आवडता गैरसमज.

कुठे थांबू नये, हेही. सिग्नलला बस किंवा ट्रकच्या डाव्या अंगाला घुसून कधीही उभं राहू नका. तो डावीकडे वळला की समोरची चाकं जातात त्याच्या बरीच आतून मागची चाकं जातात, आणि तुम्ही नेमके तिथे असता. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. मागेच थांबा. कारमध्ये असाल तर समोरच्या गाडीची मागची चाकं जमिनीला टेकलेली दिसतील एवढ्या अंतरावर थांबा, म्हणजे समोरची गाडी बंद पडली तर बाजूनं निघता येतं आणि मागून कुणी धडकलं तर तुम्ही समोरच्यावर जात नाही.

पहिल्या पावसात तर सगळ्यांनीच नव्यानं शिकायला हवं. महिनोन्‌महिने साचलेली धूळ आणि तेल पाण्यात मिसळून पहिली पंधरावीस मिनिटं रस्त्यावर साबण होतो. झेब्र्याचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं यांच्यावर ब्रेक दाबायचा नाही, त्याच्या आधी दाबून मोकळं व्हायचं. कारच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरवर आली की टायर संपला. खाचेच्या तळाशी छोटी उंचवट्याची खूण असते, रबर तिच्या बरोबरीला आलं की बदला. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे. आपल्या मे महिन्यात कमी हवेचा टायर सिमेंट रोडवर किंवा समृद्धीवर लांब पळवला की त्याच्या भिंती वाकून वाकून तापतात आणि फाटतात. ‘उन्हाळा आहे, हवा थोडी कमी ठेव’ हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका.

रस्ते खोदलेले आहेत, रेषा पुसल्यात, काही चौकांत पिवळा डोळ्याचं पातं लवेपर्यंतच राहतो, हेही सगळं खरं. त्यावर वेगळं भांडू. पण आजच्या चौकात रेष होती, दिवा होता, आणि ती पाळणारी एक मुलगी होती. सिग्नल तोडणं 2019 पासून ‘धोकादायक वाहन चालवणं’ या कलमात, 184 मध्ये, मोजलं जातं: पहिल्या वेळेला हजार ते पाच हजार दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. हाती धरून मोबाइलवर बोलणं आणि राँग साइडही त्याच कलमात. म्हणजे तो माणूस हॉर्न वाजवून तिच्याकडून नेमकं काय करवून घेऊ पाहत होता, बघा.

झेब्र्यावर गेल्यावर तिनं पायांनी गाडी मागे ढकलून पाहिली. कार अगदी टेकलेली, मागे जागाच नव्हती. मग तिनं हँडल वळवून गाडी जेवढी कडेला घेता येईल तेवढी घेतली, आजींच्या मागून येणाऱ्या एका मुलाला हातानं ‘जा’ म्हणून खुणावलं. हिरवा झाला. पुन्हा हॉर्न. ती हलली नाही. आधी उजवीकडे पाहिलं. तिकडून लाल झाल्यावरही एक ऑटो सुसाट येत होता. तो समोरून गेला, तिनं डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं, आणि मग निघाली. या वेळी वडील काही बोलले नाहीत.