पालकाची सही

व्हायोलिनच्या वर्गात नाव घालायला गेले, तर माझ्याकडे पालकाची सही मागण्यात आली. माझे वय 52 आहे आणि ही गोष्ट परवाचीच असल्यामुळे मी अजून पुरेशी शांत झालेली नाही.

खिडकीपलीकडच्या तरुणाने मान वर न करता 'अर्धे की पाऊण?' असे विचारले. लहान मुलांसाठी पाव, अर्धे, पाऊण अशा मापांची व्हायोलिने असतात, हे ठाऊक असल्याने मी 'पूर्ण' म्हणाले. त्यावर त्याने खिडकीतून वाकून माझ्या कमरेच्या उंचीवर डावीउजवीकडे शोध घेतला आणि 'मूल कुठे आहे, काकू?' अशी पृच्छा केली. मीच शिकणार आहे हे कळल्यावर तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, 'पण पालकाचा रकाना रिकामा सोडला, तर संगणक पुढे जात नाही.'

'माझे आईवडील आता हयात नाहीत.'

'मग मिस्टरांचे नाव घालू?'

'ते माझे पालक नाहीत.'

'मुलगा सज्ञान आहे का?'

ज्याच्या प्रगतिपुस्तकांवर मी वर्षानुवर्षे सह्या केल्या, तो माझ्या प्रगतीची जबाबदारी घेणार, या कल्पनेने मला बोलणे सुचेना. तेवढ्यात नातीला घेऊन बाकावर बसलेल्या एका गृहस्थांनी 'मुलाचेच घाला, फी शेवटी तोच भरणार ना?' असा निर्वाळा दिला. फी माझ्या पगारातून जाणार होती. ते मी सांगितले, पण त्यांचे कुतूहल आता वेगळ्याच दिशेने निघाले होते.

'डॉक्टरांनी सांगितले का, ताई? स्मरणशक्तीला चांगले असते म्हणे.'

'नाही.'

'मग रक्तदाब?'

'नाही.'

त्यांनी आवाज खाली आणला. 'घरी सगळे ठीक आहे ना?'

'मला आवडते, म्हणून शिकणार आहे,' असे मी म्हणाले. ते गृहस्थ माझ्याकडे पाहत राहिले, कारण वाक्य अजून पुरे व्हायचे आहे अशी त्यांची समजूत होती. शेवटी त्या तरुणाने पालक म्हणून माझेच नाव लिहिले, परंतु संगणकाने लगेच नाते विचारले आणि पर्याय दिले फक्त 'आई', 'वडील' व 'इतर'. 'इतर' निवडल्यास प्रतिज्ञापत्र लागते. त्यामुळे त्या संस्थेच्या नोंदीनुसार मी आता माझीच आई आहे. शिकण्याच्या कारणापुढे त्याने मला न विचारताच 'विरंगुळा' निवडले.

मला राग आला तो याचा. पन्नाशीतल्या पुरुषाने दुर्बीण विकत घेतली, तर त्याच्या जिज्ञासेचे कौतुक होते, त्याचा रक्तदाब कोणी काढत नाही. बाईने मात्र काही शिकायचे तर त्यामागे आजार, दुःख किंवा निदान नातवंड तरी असावे लागते. त्यातही गृहस्थांनी जाताजाता 'अमेरिकेत एक आजी ऐंशीव्या वर्षी चित्रकार झाल्या' असा धीर दिला. ग्रँडमा मोझेस यांचे न्यूयॉर्कमधले पहिले एकल प्रदर्शन 1940 मध्ये भरले, तेव्हा त्या 80 वर्षांच्या होत्या, हे खरेच आहे. पण म्हणजे कौतुकासाठी मी आणखी 28 वर्षे थांबायचे की काय? आठव्या वर्षी शिकणारी मुलगी गुणी ठरते आणि ऐंशीव्या वर्षी शिकणारी बाई चमत्कार ठरते. बावन्नाव्या वर्षी शिकणारीला बाकावर बसलेले लोक प्रकृती विचारतात. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात, बोट जरा सरकले की सूर ढळतो आणि तो सर्वांना ऐकू जातो, म्हणजे लपूनछपून शिकण्याचीही सोय नाही.

कलकत्त्यात जन्मलेल्या ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना 1863 मध्ये, वयाच्या 48व्या वर्षी, मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला, तोही एकटेपणात मन रमावे म्हणून. म्हणजे त्यांच्याही कारणापुढे कोणीतरी 'विरंगुळा'च लिहिले होते. बाईंनी कोळशाच्या कोठारात अंधारखोली थाटली, कोंबड्यांना घराबाहेर काढून खुराड्याचा स्टुडिओ केला आणि पुढे खगोलशास्त्रज्ञ हर्शेल, कवी टेनिसन, डार्विन यांना आपल्यासमोर निश्चल बसवले. छायाचित्रे धूसर आहेत, अशी जाणकारांची तक्रार होती. बाईंनी ती मनावर घेतली नाही. तेव्हा छायाचित्र काचेवर उमटत असे; नुकतीच धुतलेली ओली काच घेऊन त्या धावत नवऱ्याकडे जात, वाटेत तिच्यावरचे सिल्व्हर नायट्रेट हे रसायन सांडून जेवणाच्या टेबलावरच्या कापडांवर कायमचे डाग पडत, आणि तो गृहस्थ प्रत्येक काच आनंदाने पाहत असे. माझ्या व्हायोलिनने आमच्या घरात एकही डाग पडलेला नाही, तरी मी गज हातात घेतला की मिस्टर अत्यंत आदराने उठतात आणि दार बाहेरून लावून घेतात.